दारापुढचं सेलेउ

सेलेउ लावायचं ठरवलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढची हकीकत ऐकल्यावर लोकांना ते खरं वाटत नाही.

मी तोलेगेन. आमच्या गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात दुय्यम प्रमुख आहे. गाव कारागांडा शहराच्या दक्षिणेला, चारी बाजूंनी माळ. उन्हाळ्यात पाऊस येत नाही, आणि आलाच तर जमिनीवर पोचायच्या आत त्याचा विचार बदलतो. तरी आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे हिरवळ हवीच. नसली तर लोक समजतात, घर भाड्याचं आहे. त्या वर्षी पाणीकपातीचा हुकूम निघाला आणि त्याखाली सही माझी होती. बाकीचे लोक संध्याकाळी गुपचूप नळी सोडत. मला गुपचूप काही करायची सोयच नव्हती, कारण नळी सोडता सोडता सगळ्यांचं लक्ष माझ्याच अंगणावर. महिनाभरात माझी हिरवळ केस झडणाऱ्या उंटासारखी दिसायला लागली.

कामावर निघालो की उजवीकडच्या घरातला दोसिमखान कुंपणावर कोपरं टेकून उभा असायचा. हा रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. जगातल्या कुठल्याही गोष्टीला हिरवा बावटा दाखवायचा की लाल, हे आपणच ठरवायचं अशी त्याची अजून समजूत आहे.

"तोके," तो माझं नाव आदराने आखडून म्हणायचा, "साहेबाचंच अंगण जळालं, म्हणजे कपात खरी आहे म्हणायची."

हे कौतुक की टोमणा, ते कळू द्यायचं नाही ही त्याची खुबी.

अशा मनःस्थितीत मी एका रविवारच्या पुरवणीत वाचलं की कोरड्या, उन्हाच्या अंगणात आपल्याच मुलखातलं गवत लावावं. पाणी नको, खत नको, कापणी नको. सोबत सेलेउचं चित्र होतं. सेलेउ म्हणजे सुईसारख्या बारीक पात्यांचं गवत. जूनमध्ये त्याला वीतभर लांब रुपेरी पिसं येतात, आणि वारा सुटला की माळ उतू जाणाऱ्या दुधासारखा दिसतो. मी पुरवणी बायकोपुढे ठेवली. बागिला औषधाच्या दुकानात बसते. दिवसभर लोकांचे आजार ऐकून ऐकून तिला आता कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही.

"गाडीने दिवसभर गेलं तरी सेलेउ संपत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते दारात लावणार. पुढच्या वर्षी हवा लावा."

ज्यांनी पुरवणी वाचलेली नाही त्यांच्याशी वाद घालू नये.

बी आणायला मी दोसिमखानच्या जुन्या गाडीतून माळावर गेलो. रस्त्यापासून आत एका ठिकाणी सेलेउ असं दाट आणि उंच होतं की मी गाडी थांबवायला लावली. जमीन तिथे जरा उंचसखल होती, लहान लहान उंचवटे, मधूनमधून घसरलेले दगड. दोसिमखान खाली उतरला नाही.

"इथलं नको तोके. पुढे भरपूर आहे."

"इथलं काय वाईट आहे?"

"इथं खाली माणसं असावीत."

"कुठली माणसं?"

"ते विचारायला इथे कुणी उरलं असतं तर मी विचारलं असतं," तो म्हणाला. त्याने इंजीन बंद केलं नाही.

मी सरकारी नोकर आहे. ज्या गोष्टीची पाटी नाही ती गोष्ट मी गृहीत धरत नाही. मी उशीचा एक अभ्रा भरून बी ओरबाडलं आणि परत आलो.

आता सेलेउच्या बियांबद्दल पुरवणीने एक गोष्ट लिहिली नव्हती. या बीला टोकाला अणकुची आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी असते. हवेत ओलावा आला की पीळ सुटतो, कोरडं पडलं की परत बसतो, आणि असं गरगरत बी स्वतःला जमिनीत भोक पाडून पुरून घेतं. हे निसर्गाचं मोठं आश्चर्य आहे. मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ठेवलं होतं. बागिलाने चहाचं आधण ठेवलं, वाफ टेबलावर आली, आणि ते सगळं बी हळूहळू वळायला लागलं. आवाज असा की कागदावरून कुणीतरी बोटं फिरवतंय. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. काही बिया टेबलाच्या कडेपर्यंत आल्या आणि खाली पडल्या.

"सगळ्या एकाच बाजूला चालल्यात," बागिला म्हणाली.

मी तिला ओलाव्याचं शास्त्र समजावून सांगितलं. शास्त्र बरोबर होतं. बिया दाराच्या बाजूला चालल्या होत्या, तेही बरोबर होतं.

त्यातल्या बऱ्याच गालिच्यात घुसल्या आणि एक माझ्या विजारीत. ती कार्यालयाच्या मासिक सभेत, वरिष्ठांचं भाषण ऐन रंगात असताना, कामाला लागली. मी उठून उभा राहिलो. मी उभा राहिलो म्हणून माझ्या हाताखालचे उभे राहिले, ते राहिले म्हणून सगळी सभा. वरिष्ठांना गहिवरून आलं. मला खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांचं भाषण आम्ही शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं. त्या वर्षी माझ्या गोपनीय शेऱ्यात निष्ठेबद्दल चांगलं लिहिलं गेलं.

डावीकडे वालेंतिना पेत्रोव्हना राहतात. त्यांचे टोमॅटो गावात नावाजलेले. मी जमीन उकरायला लागलो तशा त्या कुंपणाशी आल्या.

"तोलेगेन कायरोविच, घोड्याची लीद घातल्याशिवाय काही उगवत नाही. लाजू नका, दोन गाड्या घाला. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी."

पुरवणीत उलट लिहिलं होतं. पण पुरवणीला टोमॅटो आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. मी लीद घातली, आणि कपात उठताच पाणीही घातलं. खात्याचा माणूस, पाणी घातलं नाही तर मला चैन पडत नाही. कोंब आले, पिवळे पडले, लोळले आणि कुजले. मग मी पुरवणी परत उघडली आणि ती सगळी सुपीक माती काढून टाकून तिच्या जागी खडी आणि रेती आणवली. दोसिमखान दिवसभर कुंपणावर होता.

"लोक माती आणतात," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "आमचे साहेब माती पाठवून देतात."

माती वालेंतिनाबाईंनी नेली. त्या वर्षी त्यांचे टोमॅटो असे आले की त्यांनी मला एक बरणी लोणचं पाठवलं. ते मी खाल्लं नाही, पण बागिला म्हणाली चांगलं होतं.

उरलेलं बी शरद ऋतूत त्या खडीवर टाकून दिलं. टाकलं एवढंच केलं. माती लोटली नाही, पाणी दिलं नाही. पहिला बर्फ पडायच्या आत ते सगळं आपलं आपण खाली गेलेलं होतं.

पुढच्या वसंतात बारीक केसांसारखी पाती आली. त्यांचं वर्षभर काहीच झालं नाही. सेलेउ आधी खाली वाढतं, मग वर. या काळात सुशोभीकरण खात्याचा निरीक्षक कुआनिश माझ्याकडे आला. गुळगुळीत दाढीचा, कामसू माणूस. न कापलेलं गवत म्हणजे तण आणि तणाला दंड, असं त्याने सांगितलं.

"हे शोभेचं गवत आहे," मी म्हणालो.

"शोभेचं असेल तर रोपवाटिकेची पावती दाखवा."

"पावती नाही. मी माळावरून बी आणलं."

"मग ते रानटी. रानटी म्हणजे तण."

"हे दुर्मिळ जातीचं आहे, असं पुरवणीत लिहिलंय."

कुआनिशने माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं आणि मला अगा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणाला. "दुर्मिळ असेल तर परवानगीशिवाय बी काढणं गुन्हा आहे, अगा. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मी तण लिहायला सांगितलं. दंड भरला. सही करताना मला वाटलं, याहून मोठा अपमान या गवतापायी होणार नाही. माझे अंदाज सहसा असेच असतात.

तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला सेलेउला तुरे आले.

मी साहित्यिक माणूस नाही. एवढंच सांगतो की सकाळी दार उघडलं आणि मी कार्यालयाला उशिरा गेलो. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सगळं अंगण रुपेरी झालं होतं. गल्लीतले लोक थांबून बघत होते. दोसिमखान कुंपणावर होता आणि काही बोलत नव्हता. इतक्या वर्षांत असं प्रथमच घडलं. त्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी येताना मुद्दाम लांबून, गल्लीच्या मधून चालत यायचो.

पहिल्यांदा पाहिलं ते बागिलाने. ऐन दुपार होती. आमच्याकडे दुपारी वारा पडतो. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत हलत नाहीत. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "फाटकापाशी कोण आहे?"

कुणीच नव्हतं. पण फाटकाजवळच्या कोपऱ्यात तुरे दोन्ही बाजूंना झुकले होते, आपण गवतातून आत पाऊल टाकावं तसे. बघता बघता पुढचे झुकले. मग थोडा वेळ काहीच नाही. मग तेवढ्याच जागचं गवत खाली दबलं, गोल, बैठकीएवढं. कुणीतरी दमून खाली बसावं तसं.

"रानमांजर असेल," मी म्हणालो.

"असेल," बागिला म्हणाली. तिने पडदा लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा झालं. आदल्या दिवशी जिथे बसकण मारली होती तिथून तुरे हलायला लागले, चारदोन पावलं पुढे आले, आणि परत गवत दबलं. तिसऱ्या दिवशी आणखी थोडं पुढे. वाट अगदी सावकाश चालली होती, आणि ती सरळ आमच्या दाराकडे येत होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दोसिमखान म्हणाला रानमांजरच, दूध ठेवा. दूध ठेवलं, ते उन्हात आटून वाटीला चिकटलं. वालेंतिनाबाईंनी भाच्याचा कॅमेरा कुंपणावर बांधून दिला. त्यात तुरे झुकताना दिसले, दुसरं काहीच दिसलं नाही. त्यांचं मांजर मात्र दिसलं. ते कुंपणावर बसलं होतं आणि त्याची मान अगदी हळू, फाटकाकडून घराकडे वळत होती, चालत्या माणसाकडे बघताना वळते तशी. ते पाहिल्यावर वालेंतिनाबाईंनी कॅमेरा परत मागितला नाही. बागिलाने मुल्लांना बोलावलं. त्यांनी दुआ वाचली, दबलेल्या गवताला वळसा घालून गेले आणि दक्षिणा घेतली नाही. या मुल्लांनी दक्षिणा न घेतल्याचं गावात कुणाला आठवत नाही. बागिलाची झोप त्यानेच जास्त उडाली.

मी या सगळ्यात माझा आब राखून होतो. मी जमिनीखालचा पाझर, उष्ण हवेचे भोवरे, उंदरांची बिळं अशी कारणं शोधली आणि रोज दुपारी कार्यालयातच जेवायला लागलो. कामाचा ताण होता.

अशात कुआनिश परत आला, या वेळी गवत कापायचं यंत्र घेऊन. गवत आता गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि दोनदा नोटिसा येऊन गेल्या होत्या. बागिलाने मला फोन करून बोलावलं. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुआनिश पाऊलवाटेवर यंत्र सुरू करून उभा होता.

"अगा, माझा नाइलाज आहे," तो म्हणाला, आणि यंत्र पुढे ढकललं.

त्याच्यापासून हातभर अंतरावरचे तुरे झुकले. यंत्र बंद पडलं, किंवा त्याने बंद केलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. त्याच्यापुढचं गवत झुकत झुकत त्याच्या पायांपर्यंत आलं आणि थांबलं. कुआनिशने एक पाऊल बाजूला घेतलं. डोक्यावरची टोपी काढली.

"माफ करा आजोबा," तो म्हणाला, "मी बघितलं नाही तुम्हाला."

तुरे त्याच्या शेजारून पुढे गेले. तो टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मग फाटकाबाहेर पडला. यंत्र माझ्याच अंगणात राहिलं.

"आजोबा कसे म्हणालास?" मी मागाहून त्याला फोनवर विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "कुणी म्हातारं माणूस समोरून आलं की माणूस म्हणतोच ना." आणि तुमचं गवत शोभेचं म्हणून नोंदलंय, असं सांगून त्याने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी बागिलाने पिशवी भरली.

"मी बहिणीकडे जाते. तुम्ही ते कापा, मग मी येते."

"मी तीन वर्षं ते वाढवलंय."

"म्हणून सांगते, तुम्हीच कापा."

"आणि पुढच्या आठवड्यात विहीणबाई येणार आहेत त्याचं काय?"

आमच्या सामालचं लग्न त्या हिवाळ्यात झालं होतं. तिच्या सासूबाई, उल्बोसिन-अपा, पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होत्या. लेकीच्या सासरची पहिली भेट, आणि घरात बाई नाही, यापेक्षा मी रस्त्यावर उघडा उभा राहणं पसंत केलं असतं.

"त्या दिवशी येईन," बागिला म्हणाली. "विहीणबाईंसाठी येईन, तुमच्यासाठी नाही."

मी एकटा राहिलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली, विळा घेतला आणि दुपारी अंगणात उतरलो. घाबरलो होतो म्हणण्यापेक्षा चिडलो होतो, हे जास्त खरं. माझी जागा, माझी खडी, दंड मी भरलेला, आणि माझ्याच दारात यायची माझ्या बायकोला चोरी. मी पुढच्या झुबक्याला हात घातला आणि विळा लावला.

मुठीतलं गवत गरम होतं, उन्हाने व्हावं तसं. पलीकडचे तुरे झुकले. फार जवळ होते. कोरडा, हलका आवाज येत होता, खरखरीत बाही गवताला घासावी तसा, आणि अधूनमधून तो थांबे, दम लागल्यासारखा. मग माझ्यापुढे गवत दबलं. ते बसलं, एवढंच मी म्हणू शकतो. दगडासारखं पडलं नाही. आधी एक हात टेकून बसावं तसं, एका बाजूने आधी, मग दुसऱ्या. माझा विळा त्याच्या मानेच्या उंचीवर असावा.

मी विळा खाली घेतला. आत आलो, दाराला कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसलो. काय वाटलं ते मी बराच वेळ शोधत होतो. भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. आपण जेवायला बसलेलो असताना बाहेर कुणी थांबून राहिलं की घास जसा जड होतो, तसं काहीतरी.

विहीणबाई ठरल्या दिवशी आल्या. सामाल त्यांना गाडीने घेऊन आली. उल्बोसिन-अपा ठेंगण्या, डोक्याला पांढरा रुमाल, कमी बोलणाऱ्या. सगळा जन्म माळावरच्या लहान वस्तीत काढलेला. बागिला सकाळीच आली होती आणि माझ्याकडे न बघता कणीक मळत होती. वाट तोवर पायऱ्यांपासून हाताच्या अंतरावर आली होती. मी अंगणाच्या बाजूचे सगळे पडदे ओढून घेतले, जेवणाचं दस्तरखान घातलं, विहीणबाईंना मानाच्या जागी बसवलं. दुर्दैवाने मानाची जागा खिडकीच्या बरोबर समोर आहे.

जेवण चांगलं चाललं होतं. मटण आलं, विहीणबाईंनी बागिलाच्या हाताची तारीफ केली, बागिलाचा चेहरा जरा सैल झाला. मी पाणीपुरवठ्यावर बोलत होतो. मग उल्बोसिन-अपा म्हणाल्या, "व्याही, पडदा उघडा. कोंडतंय."

"बाहेर ऊन फार आहे, अपा."

"उन्हाला मी काय नवीन आहे?"

सामालने उठून पडदा बाजूला केला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

बाहेर पांढरं ऊन, रुपेरी गवत, आणि पायऱ्यांच्या खाली शेवटचे तुरे दोन्ही बाजूंना वाकलेले. बागिलाचा हात चहाच्या पियाल्यावर थांबला. उल्बोसिन-अपांनी बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली नाही. थोडी नाराजी मात्र दिसली.

"दारात माणूस उभं आहे," त्या म्हणाल्या. "आत का बोलावत नाही?"

बागिलाने माझ्याकडे पाहिलं.

"किती दिवस उभं आहे?"

"महिना होत आला," बागिला अगदी हळू म्हणाली.

"हे बी कुठलं, व्याही?"

मी सांगितलं. रस्ता, उंचवटे, घसरलेले दगड. उल्बोसिन-अपांनी हातातला घास खाली ठेवला.

"माझी आई सांगायची," त्या म्हणाल्या. "भुकेच्या वर्षी लोक माळावरून चालत यायचे. वस्ती दिसली की तिकडे वळायचे. चार पावलं चालायचे, बसायचे, परत उठायचे. घरात असलेले खिडकीतून बघत राहायचे. घरात पोरांना द्यायला काही नसायचं, म्हणून दार उघडायचे नाहीत. आई म्हणायची, त्यातले पुष्कळसे दारापर्यंत पोचायचेच नाहीत." त्यांनी समोरच्या ताटाकडे पाहिलं. "तुमच्या घरात तर मटण आहे."

मी दुय्यम प्रमुख आहे. हजारो माणसांचं पाणी माझ्या हातात असतं. पण त्या दिवशी दिवाणखान्यातून दारापर्यंत जायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नाही. कडी काढली. दार उघडलं. समोर ऊन आणि गवत. कुणाला उद्देशून बोलायचं तेही कळेना.

"या," मी म्हणालो. "आत या. जेवण तयार आहे."

तुरे सरळ झाले. सगळे, एकदम, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत. मग माझ्या अंगावरून काहीतरी गेलं, वाऱ्यासारखं, पण त्याला जुन्या मेंढीच्या कातड्याचा आणि धुराचा वास होता. उंबऱ्यावर सेलेउचं एक पीस पडलं. ते तिथेच हळूहळू वळत राहिलं.

मी आत आलो तेव्हा बागिलाने दाराजवळ एक गादी टाकली होती. उल्बोसिन-अपांनी मान हलवली. "तिथे नको. इथे," म्हणून त्या स्वतः सरकल्या आणि मानाच्या जागी आपल्या शेजारी जागा केली. गादी तिकडे गेली. बागिलाने त्या गादीपुढे पियाला ठेवला, अर्धा भरून, पाहुण्याला देतात तसा. चहाचा थेंबही सांडला नाही. मांस वाढलं, रस्सा वाढला. गादी मधोमध दबली होती. सामाल रडत होती आणि का ते तिला सांगता येत नव्हतं. मग उल्बोसिन-अपांनी तिच्या नवऱ्याच्या लहानपणीच्या खोड्या सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही जेवलो.

त्या ताटातलं संपलं का, असं दोसिमखानने मला नंतर शंभरदा विचारलं. मी बघितलं नाही. पाहुण्याच्या ताटात कुणी डोकावत नाही.

विहीणबाई दुसऱ्या दिवशी निघाल्या. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, सेलेउकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं वाढवलंत." गल्लीतला सगळ्यात मोठा मान मला तिथे मिळाला, आणि तो ऐकायला दोसिमखान नेमका बाजारात गेला होता.

त्यांची गाडी गेल्यावर मी अंगणात आलो. गवत सरळ उभं होतं. दुसऱ्या दुपारीही सरळ, तिसऱ्याही. बागिला खिडकीशी उभी होती. आम्ही दोघं एकच गोष्ट शोधत होतो, आणि दोघांनाही ती सापडत नव्हती. पायऱ्यांपर्यंत आलेली वाट आम्ही रोज पाहिली होती. परत फाटकाकडे जाणारी वाट कुठेच नव्हती.

"राहिलेत," बागिला म्हणाली.

"काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? पाहुण्याला कुणी विचारतं का?"

ती बहिणीकडे परत गेली नाही. दुपारी ती एक पियाला जास्त मांडते. मला पहिले काही आठवडे खोलीत शिरताना खाकरायची सवय लागली होती. हळूहळू ती गेली. ती गादी आम्ही उचलत नाही. सामाल फोनवर आधी आमची चौकशी करते, मग जरा थांबून "आणि ते?" असं विचारते, आणि बागिला सांगते, "बरे आहेत. थंडी त्यांना मानवत नाही." हिवाळ्यात ती चुलीशी गादी सरकवायची.

वसंतात मी सेलेउचं जुनं वाळलेलं गवत बोटांनी विंचरून काढलं. ते कापायचं नसतं, पुरवणीत होतं. कुआनिश येऊन यंत्र घेऊन गेला, आणि जाताना पायऱ्यांच्या बाजूने न जाता कुंपणाच्या कडेने गेला.

जूनमध्ये परत तुरे आले. आदल्या वर्षीपेक्षा दाट, फाटकाच्या बाहेर रस्त्यापर्यंत पसरलेले. दुपारी मी जेवायला घरी आलो, हात धुतले आणि खिडकीशी आलो. वारा पडला होता. बागिला तिथेच उभी होती. तिने पडद्याला हात लावला नाही.

फाटकापाशी तुरे वाकले होते. एका माणसाएवढे नाहीत. रस्त्याच्या कडेपासून फाटकाच्या रुंदीएवढा सगळा पट्टा खाली दबला होता, आणि त्याच्या मागे, कुंपणापलीकडेही, रुपेरी गवत दुतर्फा झुकत झुकत हळूहळू इकडे येत होतं. मधूनमधून कुठेतरी लहान गोल पडत होते, अगदी लहान, पोरांच्या बैठकीएवढे.

बागिलाने बराच वेळ पाहिलं. मग फडक्याला हात पुसले.

"माळ्यावरची मोठी कढई काढा," ती म्हणाली, "आणि दार उघडंच ठेवा."